पनवेलचा उकिरडा

एकोणिसाव्या शतकातले पनवेल बंदर बैलगाड्यांवर जगत होते. १८३० मध्ये बोरघाट चाकाच्या वाहनांना खुला झाला. घाटावरून उतरलेला माल पनवेलच्या खाडीत गलबतांवर चढे, आणि परतीची गाडी पनवेलला घडवलेली चाकांची नवी जोडी घेऊन घाट चढे. इंग्रजी गॅझेटियरने चाके बनवणे हाच गावाचा मुख्य धंदा म्हणून नोंदवला आहे. इतक्या बैलांच्या गावात शेणाला तोटा नव्हता, आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंचा हिशेब शेणापासूनच सुरू होतो.

शेण जमिनी सारवायला लागे, उरलेल्याच्या शेणी थापल्या जात. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी यांनी भांडी घासली जात. कडधान्याला कीड लागू नये म्हणूनही थोडी राख चोळत. भाताचा कोंडा गुरांना जाई आणि तूस जाळून राखुंडी होई. तांदळाचे धुवण व भाजीची देठे गोठ्यात, तर मोरीचे पाणी परसातल्या अळूला आणि केळीला. विरलेल्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पोतेरे. बरी लुगडी बोहारणीकडे देऊन भांडे घेतले जाई आणि त्यासाठी तासभर घासाघीस चाले. पितळी भांडी कल्हईवाल्याकडे, मोडकी मोडीत. एवढे करून जे उरे ते उकिरड्यावर.

तो उकिरडाही शेवटचा मुक्काम नव्हता. उन्हाळ्यात खत गाडीत भरून शेतावर नेत. भाताचे रोप जिथे करायचे त्या जागेवर शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा असे थर रचून वर माती पसरत आणि ते पेटवत. याला राब भाजणे म्हणतात. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्यावरून शेतकरी आणि वनखाते यांच्यात इतकी जुंपली, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले. पनवेल तालुका तेव्हा नुकताच ठाण्यातून कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आला होता.

या व्यवस्थेला निसर्गप्रेम म्हणणे भाबडेपणाचे होईल. वस्तू महाग होत्या आणि प्रत्येक टाकाऊ जिनसेला दारात गिऱ्हाईक होते, इतकेच. शिवाय ती स्वच्छही नव्हती. चुलीचा धूर बायकांच्या छातीत जाई. टोपलीच्या संडासांतला मैला डोक्यावरून वाहण्याचे काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांच्या श्रमावर नगरपालिकांची सफाई उभी होती. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली ती मात्र १९४९ मध्ये. नगरपालिकेच्या स्थापनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

चक्र मोडले ते गिऱ्हाईक गेल्यामुळे. १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि जानेवारी १९८४ मध्ये त्यात पाच शेतकऱ्यांचे बळी गेले. शेतांच्या जागी नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उठल्या. खत घेणारे शेत गेले, खरकटे खाणारी म्हैस गेली, चौथ्या मजल्यावर परसही नव्हते.

त्याच काळात स्वयंपाकघर बदलले. गॅस आला तसा धूर गेला, पण राखही गेली. भांड्यांना पावडर, मग साबणाची वडी, मग द्रवसाबण. पूर्वी केळीच्या बुंध्याशी मुरणारे पाणी आता फेसासह गटारातून गाढी आणि काळुंद्री नद्यांकडे जाऊ लागले. वाण्याच्या कागदी पुडीची जागा प्लॅस्टिकच्या पिशवीने घेतली. याच तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या तारा गावी, युसूफ मेहेरअली सेंटर अखाद्य तेलांचा साबण आणि घाण्याचे तेल तयार करत राहिले. जी. जी. पारीख आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये उभारलेली ही संस्था. तिचा साबण शहरी बाजारात मोठ्या कंपन्यांपुढे टिकणे अवघडच होते.

प्लॅस्टिकची अडचण सरकारला २६ जुलै २००५ च्या पुरानंतर जाणवली. तुंबलेल्या गटारांनंतर राज्याने पातळ पिशव्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये ती बरीच विस्तारली. भाजीबाजारातून पिशव्या काही महिने दिसेनाशा होतात, मग पुन्हा हळूच डोके काढतात. गणपतीच्या मूर्तींचेही तसेच. शेजारच्या पेणहून येणाऱ्या शाडूच्या मूर्तींवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसने मात केली. ते पाण्यात विरघळत नाही, रंगही उतरतो, आणि विसर्जन तर वडाळे तलावासारख्या साठलेल्या पाण्यात. त्यामुळे कृत्रिम तलाव आणि निर्माल्य कलश आले.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले, आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांना ओल्या कचऱ्याची आवारातच विल्हेवाट लावायला सांगितले. सुक्याला भंगारवाला होताच. पुठ्ठा, बाटल्या, रद्दी तो वजनावर घेतो; चिप्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र हात लावत नाही. ओल्याचे जिथे खत होते तिथे ते सोसायटीच्या बागेत आणि गॅलरीतल्या कुंड्यांत जिरते. बाकीचा कचरा तळोज्याजवळच्या चाळ येथील क्षेपणभूमीवर जात आला आहे.