हळद, उंदीर आणि शिंका

परभणीपासून १९९९ सालीं वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांतील आमचा सेनगाव-वसमतचा मुलूख हळदीचा. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. येथें शिंका सुरू झाल्या कीं हळद-दूध पुढें येतें. या घरगुती उपायास प्रयोगशाळेंतील जनावरांची साक्ष कितपत आहे, तें पाहूं.

अन्न आणि नाक यांच्या संबंधाचा एक जुना पुरावा निलगिरींतील कुन्नूरचा आहे. तेथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं उंदरांचे गट पाडून प्रत्येक गटास हिंदुस्थानांतील एकेका समाजाचा आहार दिला. शिखांच्या आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्यामागून पठाणांच्या. मराठ्यांचा आहार तिसरा आला. (आमच्या स्वयंपाकघरास एवढा मान पुष्कळ झाला!) निकृष्ट आहारावरील उंदरांत फुफ्फुसांचे, नाकाचे आणि कानांचे विकार वारंवार आढळले. हीच प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस हलली.

परंतु ते विकार मुख्यतः जंतूंचे. वावडें, म्हणजेच ॲलर्जी, ही निराळीच गोष्ट. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनीं १९०२ सालीं असें दाखविलें कीं, समुद्रपुष्पाचें विष एकदां टोंचलेल्या कुत्र्यास तें कांहीं आठवड्यांनीं अगदीं अल्प प्रमाणांत पुन्हां टोंचलें, तरी तो दगावतो. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते! या उलटण्यास सामावून घेणारा 'ॲलर्जी' हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं घडविला.

आतां प्रयोगशाळेंत उंदरास अंड्याच्या पांढऱ्या भागांतील प्रथिन टोंचून त्याचें वावडें मुद्दाम लावतात; मग तेंच नाकांत सोडून त्याच्या शिंका आणि नाक घासणें मोजतात. हळदींतील कर्क्युमिन चारलेल्या जनावरांत हा त्रास कमी झाल्याचें अनेक प्रयोगांत दिसलें आहे. हळदीची बाजू येथवर भक्कम दिसते.

तथापि शाळामास्तराची संवय म्हणून हिशेब मांडतों. हळदींत शंभरांत सुमारें तीन भाग कर्क्युमिन. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम, हळदींत तें ९० मिलिग्रॅम भरेल. पन्नास किलो वजनाच्या माणसास दर किलोमागें २ मिलिग्रॅमही मिळत नाहीं. उंदरांस तर १०० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत दिलेलें असतें. शिवाय हें द्रव्य आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें उतरतें. उंदराचें वावडें एकाच पदार्थाचें आणि तो पदार्थ आपल्याला ठाऊक असलेला. घरांतील माणसाचें धुळीचें, परागाचें कीं बुरशीचें, हें आधीं वैद्यकीय तपासणीनें ठरवावें लागतें. हळद-दूध खुशाल प्यावें; मात्र दम्याच्या रोग्यानें त्याच्या भरंवशावर डॉक्टरांचें औषध सोडूं नये.