पैसा कुठून आला?

मॉन्टगोमेरी म्हटलं की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंगच आठवतो. पण ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला, तो नुसत्या भाषणांवर टिकला नाही. जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं रात्रभर जागून हजारो पत्रकं काढली. सायक्लोस्टाइलवरच, आपल्यासारखी!

जॉर्जिया गिलमोर खानावळीत स्वयंपाकीण. कोर्टात साक्ष दिली, नोकरी गेली. मग घरातच चूल पेटवली. तिच्या मंडळातल्या बाया केक, तळलेली कोंबडी विकायच्या, पैसा चर्चमधल्या सभेत आणून द्यायच्या. त्यावर माणसं कामाला नेणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल भागायचं. पैसा कुठून आला? 'कुठूनच नाही.' मंडळाचं नावच ते. नाव फुटलं तर गोरी मालकीण कामावरून काढील ना!

बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात दीक्षा झाली. तिथं निघालेल्यांच्या भाकऱ्या बांधणाऱ्या बायांची नावं कुणी लिहून ठेवलीत?