पगारातले दोनशे रुपये जातात कुठे?

नोकरदारांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये 'व्यवसाय कर' कापला जातो, फेब्रुवारीत ३००. कशाचा कर, हे बहुतेकांना सांगता येत नाही. मी ज्यांना विचारलं त्यातल्या दोघा-तिघांनी तर इन्कम टॅक्सच सांगितला!

हा कर आला १९७५ साली, आणि त्याचं मूळ आहे बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा ऐन उन्हाळ्यात जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. खायला मिलो आणि सुकडी. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सुकडीची चव अजून सांगतील.

पण ते दुष्काळापुरतं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं म्हणणं वेगळं होतं: सरकारला दया आली म्हणून काम नको, मागेल त्याला काम हा हक्कच हवा. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

मला यातली खरी हुशारी पैशाच्या व्यवस्थेत दिसते. शहरातल्या पगारदारांचा व्यवसाय कर आणि आणखी काही कर या योजनेसाठी बांधून टाकले, आणि जितकी वसुली तितकीच भर सरकारने घालायची. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून माण-आटपाडीच्या बाईची मजुरी. आणि बायका मोठ्या संख्येने आल्या, कारण काम गावाजवळ होतं आणि मजुरीचा दर पुरुषाइतकाच. २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, तेव्हा आपल्या राज्याचा हा अनुभव समोर होता.

आता आपल्याकडचं बघा. ग्रामपंचायतीत गेलं की "सध्या काम नाही" असं तोंडी सांगतात, माणूस परत फिरतो. मागणीच नोंदली नाही, तर भत्त्याचा प्रश्नच येत नाही. सोपी पळवाट! उन्हाळ्याआधी मंजूर कामांची यादी तयार ठेवणं आणि मजुरी वेळेवर देणं, एवढं तालुक्याला जमायला हवं.

तोवर मंडळी, मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात.