सात रंगांच्या औषधसंचांची कुळकथा

सरकारी जिल्हा रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने जो विभाग चालतो, त्याच्या औषधभांडारात सात रंगांचे सात संच असतात, आणि त्यांपैकी कोणता कोणास द्यावयाचा हे रोगाच्या नावावरून नव्हे, तर रुग्णाने सांगितलेल्या तक्रारीवरून आणि वैद्याने पाहिलेल्या लक्षणावरून ठरते. मूत्रमार्गातून पू जात असेल तर करडा, स्त्रीच्या अंगावरून पांढरे जात असेल तर हिरवा, जननेंद्रियावर जखम असेल तर पांढरा, त्याच रुग्णास पेनिसिलिन सोसत नसेल तर निळा, पाणी भरलेल्या बारीक फोडांना तांबडा, स्त्रीच्या ओटीपोटातील दुखण्याला पिवळा आणि जांघेत बद आली असेल तर काळा, अशी ही वाटणी आहे. पांढरा संच उघडून पाहावा, तर त्यात गोळीबरोबर बेंझाथिन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटांची एक कुपी, ते कालविण्याचे निर्जंतुक पाणी आणि सुईसह पिचकारी सापडते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, 2007 ते 2012 या काळात, हे संच देशभर रूढ झाले. परंतु त्यांचे कूळ पुष्कळ जुने आहे, आणि त्याच्या दोन शाखा अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या नगरच्या, भूमीवरून जातात.

पहिली शाखा औषधाची. पंधराव्या शतकाच्या ज्या अखेरच्या दशकात मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ आपले नवे नगर वसविले, त्याच दशकात, 1495 च्या सुमारास, नेपल्सवर चालून गेलेल्या फौजांत उपदंशाची पहिली मोठी साथ उसळली. जहाजांबरोबर ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली, आणि सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाशात फिरंगरोग या नावाखाली तिची लक्षणे नोंदवून पारा व चोपचिनीची मुळी हे उपचार सांगितले. या चोपचिनीवर एक स्वतंत्र संवाद ज्या ग्रंथात आहे, तो 1563 मध्ये गोव्यात छापवून घेणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्याही पदरी हकिमी करीत असे. मुळीने गुण फारसा येत नसे. पाऱ्याने हिरड्या सुजून दात हलत आणि रुग्णास रोगाइतकेच औषधाचे भय वाटे. 1905 मध्ये जंतू सापडला, 1906 मध्ये रक्ताची तपासणी निघाली, 1910 मध्ये एर्लिखचे साल्वरसान हे औषध बाजारात आले, आणि 1943 मध्ये पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे सिद्ध झाल्यावर मागची सारी औषधे मागे पडली. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात 1955 मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू होऊन ते स्वदेशी झाले.

दुसरी शाखा कायद्याची. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतल्यानंतर तेथे जी छावणी रुजली, तशाच देशभरच्या छावण्यांसाठी 1864 चा कॅन्टोन्मेंट कायदा झाला, आणि त्यापाठोपाठ 1868 चा संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. या अंमलात गोऱ्या शिपायांसाठी असलेल्या स्त्रियांची नावे दफ्तरी दाखल होत, त्यांची ठरल्या मुदतीने सक्तीची तपासणी होई, आणि रोग आढळताच लॉक हॉस्पिटल नावाच्या गुप्तरोगांच्या इस्पितळात त्यांना बरे होईपर्यंत अटकावून ठेवण्यात येई. रोग दोघांचा असून बंदोबस्त एकीचाच करावयाचा, अशी ही तजवीज असल्यामुळे स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, दुखणे लपवू लागल्या, आणि जे थोपवावयाचे तेच फैलावत राहिले. इंग्लंडातील चळवळीच्या रेट्याने 1888 मध्ये 1868 चा कायदा रद्द झाला. लपविण्याची सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

ती मोडण्याचे काम निराळ्या माणसांनी केले. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून गुप्तरोगांविषयी मराठीत उघडपणे लिहिले. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू करून गावच्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले, तेव्हा ज्या दुखण्याचा उच्चार पुरुष डॉक्टरापुढे होत नसे, ते सांगण्यास गावातच एक बाई मिळाली. 1989 मध्ये नगरमध्ये ‘स्नेहालय’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया व त्यांची मुले यांच्यासाठी काम आरंभिले; आणि त्याच वर्षी डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून दाखवून दिले, की त्यांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते, आणि त्यापूर्वी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या.

प्रयोगशाळा दूर आणि रुग्ण पुन्हा येईलच याची शाश्वती नाही, अशा मुलखांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेली लक्षणावरून उपचार करण्याची पद्धती या परिस्थितीत उपयोगी पडली. एकाच लक्षणामागे जे जे जंतू संभवतात, त्या सर्वांवरचे औषध एकदम द्यावयाचे, हे तिचे सूत्र; आणि सात रंग हे त्या सूत्राचेच मूर्त रूप होय. तिचा एक गुण असा, की ती कुणाच्या चारित्र्याची झडती घेत नाही. हिरव्या संचाने बरे होणारे पांढरे जाणे पुष्कळदा बुरशीचे किंवा योनीतील जंतूंचा समतोल ढळल्याचे असते, त्यात परक्या संबंधाचा काही पुरावा नसतो. तो संच पदरात पडला म्हणून घरात संशय माजविण्याचे कारण नाही. उलट करड्या व पांढऱ्या संचांच्या बाबतीत जोडीदारालाही उपचार दिल्याखेरीज रोग परतून येऊ शकतो, आणि 1868 च्या कायद्याने जे सोडून दिले होते, ते येथे उपचाराचाच भाग झाले आहे.

दोषही तितकाच स्पष्ट आहे. जो तक्रार करीत नाही, तो या सात रंगांच्या वाटणीतून पुष्कळदा निसटतो. परमा आणि क्लॅमिडिया हे रोग स्त्रीच्या शरीरात पुष्कळदा निमूटपणे राहतात, आणि गर्भनलिका बाधित होऊन मूल होण्यास अडथळा आल्यावर त्यांचा शोध लागतो. उपदंशाची पहिली जखम दुखत नाही व आपोआप भरते, पण रोग रक्तात राहतो आणि गर्भाला बाधतो. म्हणूनच गरोदर स्त्रीच्या रक्ताची उपदंशासाठी व एचआयव्हीसाठी तपासणी करावयाची असते, मग तिला काही होत असो वा नसो. सक्तीने नावे लिहून जे साधले नाही ते विश्वासाने विचारून पुष्कळसे साधले. राहिलेले साधावयाचे, तर दुखणे जाणवण्याची वाट न पाहता माणसाने आपण होऊन तपासणीस जाण्याची लाज टाकली पाहिजे.