काडतुसाने ठरवलेली बंदूक

आधी बंदूक की आधी काडतूस? आपण म्हणू, बंदूक. अमेरिकेत मात्र उलटे घडले. चाप ओढताच एक गोळी सुटावी आणि पुढची आपोआप भरली जावी, अशी अर्धस्वयंचलित रायफल जॉन गॅरंड स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत घडवत होते. ती .२७६ इंची हलक्या काडतुसाची होती. धक्का कमी, एका वेळी दहा गोळ्या. पण १९३२ साली लष्करप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी त्या काडतुसाला नकार दिला. दिवस मंदीचे. कोठारांत .३० इंची काडतुसांचे ढीग पडलेले, मशीनगनही त्यांवरच चालणाऱ्या. १९३६ साली स्वीकारलेल्या रायफलीत आठच गोळ्या मावल्या. दुसऱ्या महायुद्धात ती भरवशाची ठरली, हे खरे. पण शिपायाच्या वाट्याच्या दोन गोळ्या रणांगणाच्या नव्हे, गोदामाच्या हिशेबाने कमी झाल्या होत्या.