दोन नंबरची ईद मुबारक

चंद्र दिसल्याची घोषणा होताच मोबाइलवर ‘ईद मुबारक’च्या चित्रांचा पाऊस सुरू होतो. ॲपमधली एखादी तयार नक्षी निवडायची, खाली नाव टाकायचे आणि ब्रॉडकास्ट लिस्टमधल्या २५६ जणांना एका बोटाने पाठवून मोकळे व्हायचे. यावर जुनी मंडळी हमखास म्हणतात, ‘ईदकार्डाची मजा गेली, आता सगळे उसने आणि आयते.’ ईदकार्डाचा इतिहास पाहिला तर ही तक्रार अर्धीच खरी ठरते.

कारण ईदकार्ड मुळातच उसने होते. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार हॉर्सलीकडून नाताळचे पहिले छापील कार्ड करून घेतले. टपाल स्वस्त झाल्यामुळे ही कल्पना पसरली. हिंदुस्थानातही १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात पत्र आणि १८७९ मध्ये पाव आण्यात पोस्टकार्ड जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरी मुसलमान एकमेकांना ईदकार्डे पाठवू लागले, तेव्हा सुरुवातीची कार्डे म्हणजे युरोपात छापलेली नाताळची कार्डेच होती. त्यांच्यावर वरून ईदचा मजकूर छापलेला असे. नंतर लाहोरचे हाफिज कमरुद्दीन अँड सन्स, मुंबईची ईस्टर्न कमर्शियल एजन्सी आणि बोल्टन फाइन आर्ट लिथो वर्क्स यांनी या धंद्यात उडी घेतली. दिल्लीचे अभ्यासक युसुफ सईद यांनी अशा कार्डांवर चांगले काम केले आहे. मुस्लिम तहजीब बंद पेटीत वाढली, असे मानणाऱ्यांनी (ते दोन्ही बाजूंना आहेत) ते आवर्जून पाहावे.

आयत्या मजकुराचेही तसेच. तारखात्याकडे शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांची क्रमवार यादी असे. एक नंबर दिवाळीचा, दोन नंबर ‘ईद मुबारक’चा. फॉर्मवर नुसता आकडा लिहायचा. तारेवरून आकडा जाई आणि पलीकडचा कर्मचारी त्याचे वाक्य करून पाठवी. म्हणजे ‘दोन नंबरची’ ईद मुबारक सरकारच देत होते! २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. त्याच्या कितीतरी आधी, १९९४ साली, अमेरिकेत एमआयटीच्या ज्युडिथ डोनाथ यांनी इंटरनेटवरून कार्ड पाठवण्याची पहिली सोय केली होती. आजची ॲप्स हा त्याच वंशाचा विस्तार.

मग गेले काय? माझ्या मते, गेली ती वाट पाहण्यातली अनिश्चितता. ईद २९ रोजांनंतर की ३० नंतर, हे चंद्रावर ठरते. टपालाला दिवस लागत, त्यामुळे कार्ड ऐन रमजानमध्येच पेटीत टाकावे लागे. पाठवणाऱ्याने आठवडाभर आधी तुमची आठवण काढलेली असे, तुमचा पत्ता हाताने लिहिलेला असे. ॲपमध्ये पत्ताच नाही.

मात्र एक गोष्ट ॲपने दिली, तिची दखल कोणी घेत नाही. ईदकार्डांची भाषा प्रामुख्याने उर्दू किंवा इंग्रजी. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला त्याच्या भाषेतले कार्ड दुकानात क्वचितच मिळे. थोड्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा छापखर्च कोण करणार? आता देवनागरी टाइप करायला खर्च नाही. ‘रमजान ईदच्या हार्दिक शुभेच्छा’ असे लिहिलेली, शीरखुर्म्याच्या वाटीची चित्रे आपलीच पोरे बनवतात, आणि ती मुसलमानेतर मित्रांकडूनही फिरून येतात.

पण ती टिकत नाहीत. ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी भारतीयांचे फोन इतके भरले की गुगलने २०१७ च्या डिसेंबरात आणलेल्या फाइल्स गो ॲपला पुढे अशी चित्रे हुडकून पुसण्याचे काम शिकवले. त्याच झाडूत ईदची चित्रेही जातात. शंभर वर्षांपूर्वीचे लाहोरचे कार्ड आज संग्रहात पाहता येते. मराठीतली ही पहिली ईदकार्डे मात्र बासी ईदच्या दिवशीच, फोनमध्ये जागा हवी म्हणून, पुसली जात आहेत.