एका उड्डाणात दोन सूर्योदय

१/ फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया व ब्रिटन यांना जोडणारा हवाई मार्ग तुटला.

२/ तो पुन्हा सांधण्यासाठी १९४३ च्या मध्यास क्वांटास कंपनीची कॅटालिना जलविमाने पर्थची स्वान नदी आणि सिलोनमधील कोग्गला सरोवर यांच्या दरम्यान उडू लागली. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर; वाटेत केवळ हिंदी महासागर.

३/ विमानाची गती मंद, म्हणून प्रवासास २७ ते ३३ तास लागत. इंधनाचाच भार एवढा, की प्रवासी तिघेच नेता येत आणि टपाल जेमतेम ६९ किलो.

४/ शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र बहुतांशी मूक असे. ताऱ्यांवरून दिशा ठरे. जपानी गस्तीचा टापू रात्रीच्या अंधारात ओलांडला जाई. प्रवाशांना वाटेत दोनदा सूर्योदय दिसे. त्यावरूनच या सेवेला ‘डबल सनराइज’ हे नाव पडले.

५/ जुलै १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावले नाही.

६/ मार्च २०१८ पासून पर्थहून विमान थेट लंडनला जाऊ लागले. सुमारे १४,५०० किलोमीटर, अवघे १७ तास.